चढणीच्या माशांची पर्वणी कोणाची?

जून उजाडला की वर्तमानपत्रांत एक ठरलेला मजकूर छापून येतो. मथळाही जवळजवळ ठरलेलाच असतो. कुठे चढणीच्या माशांवर खवय्यांच्या उड्या पडलेल्या असतात, कुठे मत्स्यप्रेमींना पर्वणी लाभलेली असते. सोबत फोटो. गुडघाभर गढूळ पाण्यात उभी पाच-सहा मुलं, हातात मच्छरदाणीच्या कापडाचं जाळं, आणि पुढे पाटीत चमकणारा ढीग. 'मत्स्यप्रेमी' हा शब्द वाचला की हसावं की रडावं ते मला कळत नाही. गाभोळीने पोट तट्ट फुगलेली मादी अंडी घालायला निघालेली असताना तिला वाटेत गाठून मारणारा तो प्रेमी! मग बोकडाचा प्रेमी कोण, खाटीक? (जन्मभर मराठी शिकवली. शब्दांची अशी विटंबना दिसली की लाल पेनाकडे हात जातो. असो.)

आधीच सांगून टाकते, मी मासे खाते. चांगले खाते. तेव्हा "या बाईंना काय कळतंय माशातलं" हा मुद्दा इथेच निकालात निघाला असं धरून पुढे जाऊ.

मी राहते मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला. नोकरीची बहुतेक वर्षं याच भागातल्या शाळेत गेली आणि निवृत्त झाल्यावरही इथून हलावंसं वाटलं नाही. घरापासून दहा मिनिटांवर एक ओढा आहे. डोंगरातून उतरतो, दोन वाड्यांच्या भातखाचरांतून वाट काढतो आणि धरणाच्या पाण्याला मिळतो. लांबी असेल दोन-अडीच मैल. मे महिन्यात त्यात म्हशीला धड डुंबता येत नाही. त्याला नाव नाही. वरच्या वाडीतले लोक त्याला खालचा ओढा म्हणतात, खालच्या वाडीतले वरचा ओढा म्हणतात, आणि सरकारी कागदावर तो नुसता 'नाला' आहे. माझं सगळं भांडण या बिननावाच्या ओढ्यावरून आहे. कारण समोर मैलोनमैल पसरलेलं जे निळं पाणी पाहायला पुण्या-मुंबईची माणसं गाड्या भरभरून येतात, त्या पाण्यातल्या कितीतरी माशांचा जन्म त्या पाण्यात होत नाही. तो या आणि असल्या ओढ्यांत होतो.

कसा होतो ते ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की ओढा लाल-तांबडं पाणी घेऊन धावत सुटतो. ते पाणी धरणाला मिळतं तिथे त्याचा गारवा, त्याचा वास, त्याचा जोर माशांना कळतो. मग खोल पाण्यात वर्षभर सुस्तावलेले मासे प्रवाहाच्या उलट दिशेने चढू लागतात, बहुतेक रात्री. कोकणात याला वलगण म्हणतात, आमच्याकडे चढण. काही जाती ओढ्याच्या वाळूगोट्यांत अंडी घालतात, काही थेट भातखाचरांत शिरतात. तिथलं पाणी उथळ, उबदार, संथ. मोठे मासे तिथे पोचत नाहीत आणि पिल्लांना खायला रग्गड असतं. माशाची अंडी फुटायला फार वेळ लागत नाही. रोहूसारख्या माशाची अंडी अठरा-वीस तासांतही फुटतात. पुढे पाऊस ओसरू लागला की पिल्लं पाण्याबरोबर खाली उतरतात आणि तळ्यात जातात. म्हणजे ओढा हा तळ्याचा पाळणा आहे. आणि आपण वर्षातले नेमके तेच आठ-दहा दिवस निवडून पाळण्याच्या दाराशी काठ्या घेऊन उभे राहतो.

नदीत असं झालं तर थोडं तरी भरून निघतं. वरचा मासा संपला तरी खालच्या डोहातला पुढच्या वर्षी चढून येऊ शकतो. आमच्याकडे ती सोय १९२७च्या सुमाराला संपली. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. त्यातूनच बापटांचे सेनापती बापट झाले. तो इतिहास मराठी माणसाला निदान नावापुरता तरी माहीत असतो. तरीही धरण झालंच. मुळा अडली, पेट्यातली गावं आणि उत्तम भातजमीन पाण्याखाली गेली, आणि ते पाणी घाटाखाली भिऱ्याला वीज करून कुंडलिकेत जाऊ लागलं. माणसं उठली ती डोंगराच्या अंगाला वर सरकली. माशांचं काय झालं हे मात्र कोणी लिहिलं नाही. भिंतीच्या वर राहिलेला मासा कायमचा कोंडला गेला. खालून त्याला भर येत नाही. भिंत चढता येईल असा मासा अजून जन्माला यायचा आहे! त्याच्यापुढे उरले ते फक्त वरच्या अंगाचे ओढे. एका ओढ्यातली एखादी जात एकदा संपली की ती त्या ओढ्यापुरती संपली.

आणि या जाती काही आलतूफालतू नाहीत. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी एकोणिसाव्या शतकात आपल्या दख्खनमध्ये सरकारी आकडेवारी गोळा करत हिंडत होता. १८३९ साली त्याने इथल्या माशांवर लेख लिहिला. त्यात नव्या जातींना नावं देताना त्याने बऱ्याच ठिकाणी इथल्या मच्छीमारांच्या तोंडची मराठी नावंच उचलली आणि लॅटिन शेपटाला बांधली. आजही जगभरच्या शास्त्रज्ञांना मळ्याला 'मुल्या', मुरीला 'मूरेह', शिंगटीला 'सींगटी' आणि कोळसाला 'कोलुस' असंच म्हणावं लागतं. महाशीराची दख्खनी जात 'खुद्री' म्हणून नोंदली गेली तीही पुण्याकडच्या मुळेतल्याच माशावरून. मराठी भाषा ज्ञानभाषा कधी होणार म्हणून परिसंवाद भरतात. अहो, माशांच्या बाबतीत ती पावणेदोनशे वर्षांपूर्वीच झाली होती! आता माझ्या शेजारच्या पाचवीतल्या मुलाला मळ्या दाखवला तर तो "छोटा फिश" म्हणतो. या मळ्याच्या हनुवटीखाली एक चकती असते. तिने तो ओल्या खडकाला चिकटतो, आणि धो धो वाहणाऱ्या पाण्यात जिथे आपला पाय ठरणार नाही तिथून इंच इंच वर सरकतो. शाळेत असताना मुलांना ओढ्यावर नेऊन मी तो दाखवत असे. त्या तासाला हजेरी पूर्ण असायची.

आता विरुद्ध पक्ष. त्यांचा पहिला आणि लाडका मुद्दा म्हणजे परंपरा. आमचे बापजादे धरत आले, आम्हीही धरणार. बरं, मग बापजाद्यांसारखे धरा की! बापजादा पावसात इरलं पांघरून जायचा, बांबूच्या कामट्यांचा सापळा ओढ्याच्या एका कडेला लावायचा आणि सकाळी त्यात येईल ते घरी आणायचा. कामट्यांमधल्या फटींतून बारका मासा निसटायचा, आणि सापळ्याला वळसा घालून निम्मेअधिक मासे वर जायचे. रात्री विजेरी नव्हती, पकडलेलं ठेवायला बर्फ नव्हता आणि विकायला रस्त्यावर गिऱ्हाईक नव्हतं. आज काय आहे? ओढ्याला या काठापासून त्या काठापर्यंत बारीक जाळं. त्यातून बोटाएवढं पिल्लू सुटत नाही. कुठे बॅटरी आणि इन्व्हर्टर लावून पाण्यात करंट सोडतात. कुठे वरच्या तारेवर आकडा टाकून तेच काम होतं आणि अधूनमधून माशाबरोबर माणूसही जातो. कुठे डोहात ब्लीचिंग पावडर. मग ताम्हिणीच्या रस्त्याला पाट्या मांडायच्या आणि धबधबा बघायला आलेल्यांकडून मागाल ती किंमत घ्यायची. याला परंपरा म्हणायचं असेल तर मोबाइलवरच्या गाण्यालाही ओवी म्हणायला हरकत नाही.

दुसरा मुद्दा माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने मांडला. आता तो चाळिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप आहे. म्हणाला, "बाई, आपण न्हाई धरला तर खालचा धरनारच की. मग आपणच का सोडायचा?" या प्रश्नाला मी हसले नाही, कारण तो खरा प्रश्न आहे. एकट्याच्या चांगुलपणाने ओढा वाचत नाही. खालच्याने आडवं जाळं लावलं की वरच्याचं सोडणं फुकट. म्हणूनच मी कोणाला "माशांवर दया करा" असं सांगत नाही. दया ज्याची त्याने घरी करावी. मी नियम मागते आहे, जो वरच्याला आणि खालच्याला सारखाच लागेल.

तिसरा मुद्दा धार्मिक. आपल्यात श्रावण पाळतात तो माशांच्या विणीसाठीच, पूर्वजांना सगळं कळत होतं, वगैरे. हा मजकूर दर वर्षी फोनवर किमान सात जण पाठवतात. पूर्वजांना पुष्कळ कळत होतं, वाद नाही. पण पंचांग काढून बघा. चढणीची पहिली मोठी लाट येते ज्येष्ठ-आषाढात. म्हणजे आपण आखाड तळतो तेव्हा. श्रावण लागेपर्यंत ज्या मादीला वाचवायचं ती केव्हाच कालवणात उतरलेली असते! समुद्रावरच्या कोळ्यांचं बरं. पावसाळ्याच्या तोंडाला होड्या वर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावरच पाण्यात घालायच्या, हा त्यांचा रिवाज माशांच्या वेळापत्रकाशी जुळतो. सरकारनेही पुढे तोच धागा धरून यांत्रिक बोटींना बंदीकाळ घातला. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस. समुद्राला सुट्टी आहे आणि अडीच मैलांच्या ओढ्याला नाही, हा कुठला न्याय?

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाही तर माझ्या म्हणण्याचा फायदा भलतेच लोक घेतील. ओढा बंद करा म्हटलं की पहिली काठी पडते ती कातकऱ्यांच्या पाठीवर. आमच्या ओढ्यावर पहाटे एक कातकरीण येते. पदराची झोळी करून, दगडांखाली हात घालून चार मुऱ्या आणि दोन खेकडे काढते. त्या दिवसाचं तिच्या घरचं कालवण तेवढंच. पावसाळ्यात मजुरीचा भरवसा नाही, घरात धान्य संपत आलेलं. तिला अडवायला मी निघालेली नाही आणि कोणी निघालं तर मी आडवी पडेन. तिच्या हाताने ओढा रिकामा होत नाही, हे मी चाळीस वर्षं बघते आहे. ओढा रिकामा होतो तो आडव्या जाळ्याने, करंटने आणि पाट्या भरून विकण्याने. नियम त्यांना हवा. समुद्रावरच्या बंदीतही बिगरयांत्रिक होड्यांना सूट असतेच. ज्यांना यातला फरक कळत नाही, किंवा कळून सोयीने विसरतात, अशा फार्महाऊसवाल्या निसर्गप्रेमींची सोबत मला नको. त्यांच्या कुंपणांनी ओढ्याचे काठ गिळलेत ते आधी सोडा म्हणावं.

माणसाच्या हावेइतकाच ओढ्याचा दुसरा शत्रू आहे सिमेंट. हा शत्रू दिसत नाही, कारण तो 'विकास' या नावाने येतो आणि त्याच्या उद्घाटनाला पेढे असतात. वाडीला रस्ता झाला, चांगलं झालं. ओढ्यावर पाइप टाकून मोरी बांधली, तेही ठीक. पण पाइप बसवले ओढ्याच्या तळापेक्षा दोन-अडीच फूट उंच. पाणी पलीकडून नळासारखं खाली पडतं. त्या धारेखाली दर जूनला मासे गोळा होतात, उड्या मारतात, आपटतात, पुन्हा मारतात. जाळंवाल्यांना तर आयतंच. तिथेच पाटी धरून उभं राहायचं! तीच गत सिमेंटच्या नाला बंधाऱ्यांची. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात निदान पावसाळ्याआधी बर्गे काढतात, त्यामुळे पुराबरोबर मासा वर जाऊ शकतो. नाल्यावरचा सिमेंटचा बंधारा बाराही महिने भिंत म्हणजे भिंत. वर आणखी खोलीकरण. जेसीबी येतो, ओढ्याचे गोटे, वाळू, कडेची झुडपं सगळं खरवडून काढतो आणि मागे एक सरळ, गुळगुळीत चर सोडून जातो. त्याला जलसंधारण म्हणतात. पाणी हवंच, मी पाण्याच्या विरुद्ध कशी असेन? पण ओढा म्हणजे नुसतं पाणी आहे असं समजणाऱ्याने गाय म्हणजे नुसतं दूध आहे असंही समजावं.

मग सरकारी उत्तर येतं. मासे कमी झाले? बीज सोडू! मत्स्यबीज सोडण्यामागचं शास्त्र मला आदरणीय आहे. १९५७च्या जुलैमध्ये हिरालाल चौधरींनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून मेजर कार्प माशांची वीण करून दाखवली. म्हणून आज १० जुलैला मत्स्यशेतकरी दिन असतो. साचलेल्या पाण्यात न विणारे मासे त्यामुळे तळ्यातळ्यांत पोचले आणि देशाला स्वस्त मासा मिळाला. लोणावळ्याला तर महाशीराचीही पैदास झाली. पण पिशवीत भरून मिळतं ते कोणाचं बीज? रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस. मळ्याचं बीज मिळतं का? मुरीचं? कोळसाचं? ते करणारा कारखाना एकच, आमचा बिननावाचा ओढा. आणि तो बंद पडला की तळं काही रिकामं राहत नाही. तिथे चिलापी येतो. १९५२ साली भारतात आणलेला हा आफ्रिकेतला मासा. त्याला ना ओढा लागतो, ना पूर. नर तळाला खड्डा करतो, मादी अंडी तोंडात घेऊन सांभाळते, आणि साचलेल्या पाण्यात वर्षातून कितीदा तरी वीण होते. उजनीच्या काठी भिगवणला जाऊन मासळीबाजार पाहा, म्हणजे चिलापीचं राज्य कसं असतं ते कळेल. भिगवणच्या मच्छीमाराचं पोट त्यावर चालतं, मी त्याला नाव ठेवत नाही. पण चिलापी हा पर्याय नसतानाचा मासा आहे. ओढे मारून आपण आपल्या हाताने पर्याय संपवतो आहोत, एवढंच माझं म्हणणं.

कायदा नाही असं कोणी म्हणू नये. सुरुंगाने आणि विषाने मासे मारायला १८९७च्या इंग्रजी कायद्यातच बंदी होती. राज्याचा स्वतःचा १९६०चा मत्स्यव्यवसाय कायदा आहे. तो हातात घेऊन ओढ्याच्या काठावर आलेला माणूस मात्र मी अजून पाहिलेला नाही. आणि जलाशयांना बंदीकाळ लावता येत नाही असंही नाही. हिमाचल प्रदेशात गोविंदसागर आणि पोंग या मोठ्या जलाशयांत दर पावसाळ्यात दोन महिने मासेमारी बंद ठेवतात. तिथे जमतं ते इथे का जमू नये? बंदीच्या महिन्यांत मच्छीमाराला हातभार म्हणून बचत आणि मदतीची योजना केंद्र सरकारनेच काढलेली आहे. तेही जाऊ द्या. आपल्याच महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनीचा डोह म्हणून तिथले महाशीर कोणी मारत नाही, हातातून खाऊ घालतात. देवाचं नाव घेतलं की आपल्याला सगळं जमतं. आमच्या ओढ्याला देव नाही, ही त्याची अडचण.

तर मी ग्रामसभेसाठी अर्ज लिहिला आहे. मृग लागल्यापासून नागपंचमीपर्यंत आमच्या हद्दीतल्या ओढ्यात आडवं जाळं, करंट आणि विष बंद. विक्रीसाठी धरणं बंद. हाताने आणि कामट्यांच्या सापळ्याने घरापुरतं धरायला मोकळीक, मात्र सापळा निम्म्याहून जास्त पात्र अडवणार नाही. अर्ज वाचून आमच्याकडचे एक कर्मचारी म्हणाले, "बाई, ओढा आपल्याकडे येतो की दुसऱ्या खात्याकडे, ते आधी बघावं लागेल." बघा म्हटलं. दरम्यान वरच्या वाडीकडे आणखी एक मोरी मंजूर झाल्याचं कळलं, दिवाळीनंतर काम निघणार आहे. पाइप तळाच्या खाली अर्धा फूट पुरून बसवले तर जादा खर्च किती येईल, असं मी कंत्राटदाराला विचारलं. तो जरा विचार करून म्हणाला, नवीनच टाकायचेत तर खड्डा तेवढा जास्त खणायचा, अर्ध्या दिवसाचं काम. मग आजवर का नाही बसवले, विचारलं. म्हणाला, "कोणी सांगितलंच नव्हतं."